दीर्घ पल्ल्याच्या जोडनौकेवरील गोड्या पाण्याची योजना

नौकेवर गोड्या पाण्याची सोय करणे हे काम वरकरणी नळकारागिराचे वाटते. एक टाकी, एक पंप, चार तोट्या आणि त्यांना जोडणारी नळी, एवढ्यावर ते संपते अशी सामान्य समजूत आहे. बंदरात उभ्या असलेल्या नौकेपुरती ही समजूत फारशी चुकीची नाही. कारण तेथे टाकी रिकामी झाली तर धक्क्यावरील नळावरून ती पुन्हा भरता येते. परंतु तीच नौका किनाऱ्यापासून हजार मैल दूर असताना एखादा सांधा निसटला आणि टाकी रिकामी झाली, तर प्रश्न सोयीचा न राहता जीविताचा होतो. प्रस्तुत लेखात दूरच्या प्रवासाला निघणाऱ्या जोडनौकेवरील, म्हणजेच कॅटमरानवरील, पाण्याच्या योजनेचा विचार करावयाचा आहे. परस्परविरोधी अटी एकाच रचनेत कशा सांभाळाव्या लागतात याचे हे उत्तम उदाहरण असल्यामुळे अभियांत्रिकी व उपयोजित भौतिकी या विषयांच्या अभ्यासकांना ते उपयुक्त वाटावे.

जोडनौकेची प्रकृती

‘कॅटमरान’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे ‘बांधलेली लाकडे’, यावरून आलेला आहे. मूळ तमिळ साधन म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा होय. आजची जोडनौका मात्र रचनेच्या दृष्टीने पॉलिनेशियातील दुहेरी होड्यांच्या कुळातील आहे. १९७६ मध्ये हवाईहून ताहितीपर्यंत गेलेली ‘होकुलेआ’ ही नौका याच कुळातील. आपल्या कोकण किनाऱ्यावरील उलांडीची होडीदेखील रुंदीच्या बळावरच स्थिर राहते. तत्त्व तेच, केवळ तेथे दुसऱ्या होडीच्या जागी उलांडीचा ओंडका असतो.

आधुनिक जोडनौकेत दोन लांब व अरुंद होडकी समांतर ठेवून वरून एका मजल्याने जोडलेली असतात. एकच तळ असलेल्या शिडाच्या नौकेला उलटू न देण्यासाठी तिच्या तळाशी शिशाचा अथवा लोखंडाचा जड भार बसवावा लागतो. जोडनौकेला त्याची गरज नसते. म्हणूनच ती हलकी व वेगवान असते. आणि म्हणूनच तिला जादा वजन सोसत नाही. भारवाही नौकेच्या तळाशी भरलेले पाणी तिच्या स्थैर्याला थोडेफार साहाय्यच करते. जोडनौकेवर मात्र प्रत्येक लिटर पाणी हे निखळ ओझे असते. पाण्याच्या योजनेतील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

गरजेचे गणित

विचाराच्या सोयीसाठी एक ठरावीक उदाहरण घेऊ. नौकेची लांबी १२ मीटर, भारासह वजन ८ टन, आणि तीवर चार माणसे आहेत असे मानू. कॅनरी बेटांतील लास पाल्मास येथून कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसियापर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे. दिवसाला सरासरी १५० मैल तोडले तर हा प्रवास १८ दिवसांचा होतो. परंतु वारा पडणे, शीड फाटणे, सुकाणू मोडणे हे सागरी प्रवासात अपवादात्मक नव्हे. म्हणून अपेक्षित मुदतीच्या दीडपट, म्हणजे २७ दिवस, हिशेबात धरणे शहाणपणाचे ठरते.

आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. तेच प्रमाण नौकेवर धरले तर चार माणसांना १८ दिवसांसाठी ९,७२० लिटर, म्हणजे पावणेदहा टन पाणी लागेल. हे वजन खुद्द नौकेच्या वजनाहून अधिक होते! याउलट केवळ पिणे आणि स्वयंपाक यांसाठी उष्ण हवेत माणशी ४ लिटर पुरतात. भांडी घासणे व अंघोळ समुद्राच्या पाण्याने करून शेवटी ओंजळभर गोडे पाणी वापरता येते. या दराने २७ दिवसांची गरज ४३२ लिटर येते. मधला मार्ग म्हणून माणशी १५ लिटर धरले तर केवळ १८ दिवसांसाठीच १,०८० लिटर लागतात. यावरून असे दिसून येईल की, योजनेचा आरंभ टाकीच्या आकारापासून न होता वापराच्या शिस्तीपासून झाला पाहिजे.

वजनाची किंमत

आपल्या उदाहरणातील प्रत्येक होडक्याचे पाणरेषेवरील क्षेत्रफळ पावणेदहा चौरस मीटर धरू. समुद्राच्या पाण्याची घनता लक्षात घेता एक होडके १ सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे १०० किलोग्रॅम भार लागतो. संपूर्ण नौकेस २००. अर्थात १,०८० लिटर पाण्याने नौका साडेपाच सेंटिमीटर दबते, आणि ४३२ लिटरांनी दोन सेंटिमीटरांहून थोडी अधिक. हा फरक लहान दिसतो. परंतु अन्न, इंधन, नांगर व साखळदंड यांचा भार आधीच तेथे असतो. जोडमजला आणि समुद्रपृष्ठ यांमधील अंतर मुळातच मर्यादित असते. ते जसजसे घटते तसतशा लाटा मजल्याच्या खालच्या अंगावर वारंवार आदळू लागतात. त्यामुळे वेग मंदावतो, सांध्यांवर ताण येतो आणि आतल्या माणसांची झोप उडते.

वजन किती याइतकेच ते कोठे आहे, हेही महत्त्वाचे आहे. टोकाकडील भारामुळे नौका पुढेमागे अधिक झुलते. म्हणून टाक्या लांबीच्या मध्याजवळ व शक्य तितक्या खाली असाव्यात. एकाच होडक्यात ३०० लिटर पाणी भरल्यास ते होडके दुसऱ्यापेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर अधिक बुडेल. तेव्हा दोन होडक्यांत दोन समान टाक्या बसविणे हे समतोलाच्या दृष्टीने उघडच योग्य होय. प्रत्येक टाकीत आडपडदे असावेत. ते नसल्यास हेलकाव्याबरोबर पाण्याचे आघात टाकीच्या भिंतींवर होत राहतात आणि अखेर सांधा उकलतो.

साठ्याची विभागणी

दोन टाक्यांचा खरा लाभ मात्र समतोलापेक्षा मोठा आहे. प्रत्येकी २५० लिटरांच्या दोन टाक्या घेतल्या असे समजू. दोन्ही मिळून ५०० लिटर, म्हणजे माणशी ४ लिटर दराने ३१ दिवसांचा साठा झाला. आता प्रवासाच्या नवव्या दिवशी एक टाकी फुटली अथवा तिच्यात समुद्राचे पाणी शिरले, असे कल्पू. त्या वेळेपर्यंत १४४ लिटर खर्च झालेले असतील.

जर खलाशांनी प्रथम एकच टाकी वापरावयास घेतली असेल, तर तीत १०६ लिटर आणि दुसरीत २५० लिटर असतील. दुर्दैवाने भरलेली टाकी निकामी झाली तर उरलेले १०६ लिटर पाणी सात दिवससुद्धा पुरणार नाही. प्रवास तर नऊ दिवसांचा बाकी आहे. परंतु दोन्ही टाक्या आळीपाळीने वापरल्या असतील, तर प्रत्येकीत १७८ लिटर असतील. आणि कोणतीही टाकी गेली तरी अकरा दिवसांचे पाणी हाती राहील. साहित्य तेच, खर्च तोच. केवळ वापराचा क्रम बदलल्याने संकटाचे रूपांतर गैरसोयीत झाले. मात्र दोन टाक्यांना जोडणाऱ्या नळीवरील झडप नेहमी बंद ठेवली पाहिजे आणि एका वेळी एकच टाकी पंपाला खुली असली पाहिजे. ही झडप उघडी राहिली तर दोन टाक्या असूनही व्यवहारात ती एकच टाकी होय.

याखेरीज सुमारे ४० लिटर पाणी सुट्या डब्यांत वेगळे ठेवावे. डबे काठोकाठ न भरता थोडी हवा राखावी, म्हणजे नौका सोडावी लागल्यास ते समुद्रावर सहज तरंगतात.

पंप आणि नळ्या

विजेवर चालणाऱ्या पडदापंपाला दाबकळ जोडलेली असते. तोटी उघडताच दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. ही सोय हाच त्याचा दोषही आहे. कारण तोटी उघडणे आणि नळी फुटणे यांतील भेद त्या कळीला समजत नाही. मिनिटाला १२ लिटर देणारा पंप आपल्या उदाहरणातील १७८ लिटरांची टाकी पंधरा मिनिटांच्या आत नौकेच्या तळात ओतून मोकळा होईल. म्हणून समुद्रावर असताना पंपाची वीज बंद ठेवावी आणि गरजेपुरतीच सुरू करावी. रात्री कोणी तोटी उघडलेली नसता पंपाचा आवाज ऐकू आला, तर कोठेतरी गळती आहे असे निश्चित समजावे.

स्वयंपाकघरात पायाने चालवावयाचे दोन पंप असावेत, एक गोड्या पाण्याचा आणि दुसरा समुद्राच्या पाण्याचा. पायपंपाला वीज लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाणी थोडे थोडेच येते. माणशी ४ लिटरांचा हिशेब पाळणे पायपंपामुळे जितके साधते तितके कोणत्याही उपदेशाने साधत नाही.

टाकीच्या वातनळीचे तोंड उंचावर व आतल्या बाजूस असावे. अन्यथा लाटेचे पाणी त्यातूनच टाकीत उतरते. त्याचप्रमाणे डेकवरील पाणी भरण्याचे तोंड आणि डिझेल भरण्याचे तोंड ही एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या रंगांची असावीत. पाण्याच्या टाकीत डिझेल ओतले जाणे ही नवशिक्यांचीच चूक नव्हे. थकलेल्या अनुभवी माणसाकडूनही ती घडते.

समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी

येथे वाचक विचारील की, समुद्राचे पाणी नौकेवरच गोडे करता येत असताना एवढी काटकसर कशासाठी? प्रश्न रास्त आहे. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केलेल्या पटलामुळे विपरीत परासरणाची रीत व्यवहार्य झाली, आणि आज ही यंत्रे लहान नौकांवरही बसविली जातात. समुद्रजलाचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो. यावरून एक लिटर गोडे पाणी वेगळे करण्यास निदान २,७०० जूल, म्हणजे पाऊण वॉट-तास, ऊर्जा लागणारच. प्रत्यक्षात यंत्र ५५ ते ६० बार दाबावर चालवावे लागते आणि ऊर्जेची परतफेड साधणाऱ्या चांगल्या यंत्रालाही लिटरमागे सुमारे ४ वॉट-तास लागतात. दररोज ६० लिटर, म्हणजे माणशी १५ लिटर, हवे असल्यास हा खर्च २४० वॉट-तास होतो. सौर पट्ट्यांना तो सहज झेपतो.

तेव्हा असे यंत्र अवश्य बसवावे. परंतु त्याच्या भरवशावर टाकीतील साठा मात्र कमी करू नये. बंदरातील तेलकट पाण्याने त्याचे पटल खराब होते. क्लोरिनने तर ते कायमचे निकामी होते. आणि वीज गेली की यंत्रही थांबते. समुद्रावर वीज, यंत्र आणि सुकाणू ही पुष्कळदा एकाच वादळात बिघडतात. म्हणून योग्य सूत्र असे की, यंत्राने सुखसोयीचे पाणी पुरवावे आणि टाकीने जीवनावश्यक. दररोजचा खर्च यंत्र भरून काढीत असेल तर टाक्या जवळजवळ भरलेल्याच राहतात, आणि यंत्र बंद पडेल त्या दिवसापासून हिशेबाचे ४ लिटर लागू होतात.

पावसाचे पाणी हे तिसरे साधन. १० चौरस मीटरांच्या छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी मिळते. आरंभीच्या सरींनी छतावरील मीठ धुऊन जाऊ द्यावे आणि मग टाकीचे तोंड उघडावे. परंतु पावसाला हिशेबात धरू नये. आला तर जमेच्या बाजूस लिहावा.

शुद्धता

साठविलेले पाणी महिनाभर पिण्याजोगे राहिले पाहिजे. २५० लिटर पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन राखण्यासाठी ५ टक्के क्लोरिन असलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ५ मिलिलिटर पुरते. हेच पाणी यंत्राचे पटल धुण्यास वापरावयाचे असल्यास ते प्रथम कोळशाच्या गाळणीतून नेलेच पाहिजे. प्रत्येक टाकीला हात आत जाईल एवढे झाकण असावे. जी टाकी उघडून घासता येत नाही, ती कितीही मजबूत असली तरी पिण्याच्या पाण्यासाठी अयोग्य समजावी.

उपसंहार

१९८२ मध्ये कॅनरी बेटांतूनच कॅरिबियनकडे एकट्याने निघालेल्या स्टीव्हन कॅलहान यांची लहान नौका बुडाली आणि त्यांना रबरी तराफ्यावर ७६ दिवस काढावे लागले. सूर्याच्या उष्णतेने समुद्रजलाची वाफ करून ती पुन्हा थंड करणाऱ्या साध्या उपकरणावर त्यांना दिवसाकाठी अर्ध्या लिटराच्या आसपास पाणी मिळत असे. तेवढ्यावर ते जगले. या घटनेपासून घ्यावयाचा बोध माणूस किती थोड्या पाण्यात जगू शकतो, हा नव्हे. नौका गेल्यावरही त्यांच्याजवळ पाणी मिळविण्याचे, नौकेवर अवलंबून नसलेले असे एक साधन उरले होते, हा तो बोध होय. दोन टाक्या, बंद झडप, पायपंप, सुटे डबे, यंत्र आणि पाऊस यांपैकी कोणतेही एक साधन परिपूर्ण नाही. परंतु एकाचा बिघाड दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये अशी त्यांची मांडणी केली, म्हणजे योजना पुरी झाली. नकाशा तयार झाल्यावर योजकाने त्यातील एकेक भाग क्रमाने खोडावा आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे : आता या चौघांना उद्या सकाळी पाणी कोठून मिळेल? ज्या नकाशात या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर सापडते, तोच नकाशा समुद्रावर न्यावा.