पीकराखणीची दुर्बीण : बेताच्या खर्चात योग्य निवड

ज्वारी हुरड्यावर आली, मक्याची कणसे भरू लागली किंवा भुईमुगाच्या शेंगा पोसू लागल्या, की डोंगरालगतच्या व जंगलाच्या कडेच्या गावांतून जागल सुरू होते. चार महिने घाम गाळून उभे केलेले पीक रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत उकरून टाकतो. डबे वाजविणे, गोफण फिरविणे, टेंभे लावणे हे उपाय शेतकरी करीत असतोच. ज्यांच्यापाशी बंदुकीचा परवाना आहे अशांपैकी काहींच्या मनात मग असा विचार येतो की, बंदुकीवर एखादी स्वस्त दुर्बीण बसवून घ्यावी, म्हणजे नेम चुकणार नाही. हा खर्च करण्यापूर्वी राखणदाराची खरी गरज कोणती, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

आधी ओळख, मग उपाय

तिन्हीसांजेच्या वेळी मक्याच्या ताटांआड हलणारी काळी आकृती रानडुकराचीच असेल असे नाही. ते चुकलेले रेडकू असू शकते. रात्रीच्या विजेवर पाण्याची दारे धरण्यासाठी वाकलेला शेजारीही असू शकतो. राखणदाराच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक ही नेमाची नसून ओळखीची असते, आणि तिची भरपाई कोणत्याही पिकाने होत नाही.

बंदुकीवर बसविलेल्या दुर्बिणीचा मुख्य दोष येथेच आहे. तिच्यातून पाहणे म्हणजेच पाहिलेल्या वस्तूवर नळी रोखणे होय. समोर माणूस आहे की जनावर, हे ठरविण्यासाठीच जर बंदूक उचलावी लागत असेल, तर ती रीत मुळातच चुकीची आहे. म्हणून पहिला पैसा खर्च करावयाचा तो गळ्यात अडकविण्याच्या, दोन्ही डोळ्यांनी पाहावयाच्या साध्या दुर्बिणीवर. बंदूक नसलेल्या राखणदारासही तिचा तेवढाच उपयोग होतो.

दुर्बिणीवरील आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८ × ४०, १० × २५ असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते हे सांगतो. ८ पटीच्या दुर्बिणीतून २०० मीटरवरील जनावर २५ मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवितो. भिंग जितके रुंद, तितका अधिक प्रकाश आत येतो.

दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास मिळतो. राखणीच्या दृष्टीने हा भागाकार सर्वांत महत्त्वाचा होय. भर दिवसा डोळ्याची बाहुली २ ते ३ मिलिमीटर एवढीच उघडी असते. अंधार पडू लागताच तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बहुधा ५ मिलिमीटरच्या आसपास थांबते. आता पुढील हिशेब पाहावा.

१० × २५ : चकती २.५ मिलिमीटर
२० × ५० : चकती २.५ मिलिमीटर
८ × ३० : चकती ३.७५ मिलिमीटर
८ × ४० : चकती ५ मिलिमीटर
७ × ५० : चकती सुमारे ७ मिलिमीटर

यावरून असे दिसून येईल की, २० पट जवळ दाखविणारी दुर्बीण तिन्हीसांजेला निरुपयोगी ठरते. शिवाय हाताचा कंपही त्यात २० पट होतो, आणि दिसणारे क्षेत्र इतके अरुंद असते की हलते जनावर सापडतच नाही. शेतराखणीस ८ × ४० ही सर्वांत सोयीची. ७ × ५० अंधुक प्रकाशात अधिक उजळ दिसते. परंतु ती जड असते, आणि वयस्कर राखणदाराच्या डोळ्यास तिच्या जादा प्रकाशाचा पुरता लाभ होत नाही. मात्र दुर्बीण प्रकाश निर्माण करीत नाही, हे ध्यानात असावे. अमावास्येच्या काळोखात विजेरीवाचून गत्यंतर नाही.

खरेदीच्या वेळची परीक्षा

दुर्बीण शक्यतो सायंकाळी विकत घ्यावी आणि दुकानाबाहेर येऊन सावलीतील वस्तू पाहाव्यात. पुढील चार गोष्टी तपासण्यास पाच मिनिटे पुरतात.

पहिली गोष्ट भिंगावरील लेपाची. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे परततो. एका नळीत असे १० पृष्ठभाग धरले, तर लेपाशिवाय जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश वाटेतच नाहीसा होतो. ही हानी रोखणारा अतिशय पातळ लेप जर्मनीतील झाइस कारखान्याचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधून काढला. भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते फिकट हिरवे किंवा जांभळे दिसल्यास लेप आहे. पांढरे लख्ख दिसल्यास नाही. तांबडे चमकणारे भिंग दिसावयास आकर्षक असले, तरी ते येणाऱ्या प्रकाशातील तांबडा भाग परतवीत असते. संध्याकाळच्या कामास ते उपयोगी नाही.

दुसरी गोष्ट, दुर्बीण हातभर दूर धरून मागील भिंगातील प्रकाशाची चकती पाहावी. ती पूर्ण गोल हवी. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसत असतील, तर आतील लोलक हलक्या प्रतीचे आहेत असे समजावे.

तिसरी गोष्ट, दूरच्या विजेच्या तारेकडे पाहावे. एक तार दोन दिसू लागली किंवा डोळे ताणल्यासारखे वाटले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये.

चौथी गोष्ट, चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासह पाहून संपूर्ण गोल दिसतो याची खात्री करून घ्यावी.

पैसे वाचवावयाचे ते जागा पाहून वाचवावेत. पट कमी-अधिक करण्याची सोय व आटोपशीर सरळ नळ्या यांवाचून राखणीचे काही अडत नाही. इटलीतील इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली ज्या लोलकरचनेचे एकस्व घेतले, ती खांदे बाहेर आलेली जुनी रचना बनविण्यास सोपी असल्याने त्याच किमतीत बहुधा अधिक स्वच्छ चित्र देते. एका शिवारातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक दुर्बीण घेऊन पाळीने जागल केल्यास कोणावरच भार पडत नाही.

बंदुकीवरील दुर्बीण कोणासाठी?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ अन्वये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि तेवढ्याने भागत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, यांचा परवाना देण्याची तरतूद आहे. छऱ्यांच्या बंदुकीचा भरवसा ३५ ते ४० मीटरपर्यंतच असतो. एवढ्या अंतरावर दुर्बिणीची गरज पडत नाही. म्हणून अशा बंदुकीवर ती बसविणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

ज्यांच्यापाशी परवान्याची रायफल आहे आणि ज्यांना लेखी अनुमती मिळालेली आहे, त्यांच्यापुरताच हा प्रश्न उरतो. त्यांनीही वरील भागाकारच लावावा. ४ × ३२ ची स्थिर पटीची दुर्बीण ८ मिलिमीटरची चकती देते व स्वस्तही असते; ३ ते ९ पटीची ४० मिलिमीटरची दुर्बीण ९ पटीवर जेमतेम ४.४ मिलिमीटर देते. डोळा व भिंग यांत ३ ते ३॥ इंच अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. बैठक पक्की हवी. चार बारांनंतर जिची फुली जागा सोडते, अशा दुर्बिणीपेक्षा साधी माशी बरी.

कायदा आणि नोंद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीस बंदी आहे. रानडुक्कर व नीलगाय, म्हणजे विदर्भातील रोही, हे प्राणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये असून, ते उभ्या पिकास उपद्रवी ठरल्यास अधिकृत वनाधिकारी कलम ११ खाली लेखी अनुमती देऊ शकतो. काळवीट, चिंकारा व गवा हे अनुसूची एकमध्ये आहेत. पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारण्याची अनुमती मिळत नाही. रोह्याची मादी व काळविटाची मादी दोन्ही तपकिरी असतात, आणि अंधुक उजेडात त्यांचा घोटाळा सहज होतो. म्हणजे ओळख हा जीविताचा तसाच कायद्याचाही प्रश्न आहे.

नुकसानभरपाईच्या कामीही दुर्बीण उपयोगी पडते. कोणते जनावर, किती, किती वाजता व कोणत्या बांधावरून शिरले, याची रोजची नोंद वहीत असल्यास वनविभागाकडे करावयाच्या अर्जास बळ येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी वही ठेवण्याची सवय लावावी.

निगा

प्रथम मधल्या चक्राने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे, नंतर उजव्या भिंगावरील कडे फिरवून उजव्या डोळ्याचे. काचेवरील धूळ आधी मऊ कुंचल्याने झाडावी. धोतराच्या सोग्याने पुसू नये. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. म्हणून दुर्बीण ओलसर चामडी पेटीत न ठेवता, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये; दृष्टी कायमची जाते.

माळ्यावर चढताना राखणदाराच्या गळ्यात दुर्बीण असावी, वाऱ्याची दिशा त्याने पाहिलेली असावी, कारण रानडुकराची नजर मंद पण नाक तीक्ष्ण असते, आणि शेजारच्या शेतात आज रात्री कोण दारे धरणार आहे हे त्याने दिवस मावळण्यापूर्वी विचारून घेतलेले असावे.