नागरिकाचा खासगीपणा आणि सत्तेची पारदर्शकता

झाशी शहरातील इलाइट चौराहा हा तेथील अत्यंत गजबजलेल्या चौकांपैकी एक होय. मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती नेवाळकर घराण्यामुळे आणि राणी लक्ष्मीबाईंमुळे. आजही तेथे काही मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तथापि येथे आपल्याला इतिहासाकडे वळावयाचे नसून, या चौराह्यावर सिग्नलपाशी थांबलेल्या एका सामान्य स्कूटरस्वाराकडे पाहावयाचे आहे.

स्मार्ट सिटी योजनेत झाशीची निवड 2017 साली झाली. त्यानंतर तेथील प्रमुख चौराह्यांवर कॅमेरे बसविण्यात आले. असा कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो. त्या क्रमांकावरून नोंदणीपुस्तकातील मालकाचे नाव मिळते आणि नियमभंग झाला असल्यास दंडाचे चलान थेट त्याच्या फोनवर येते. खिशातील फोन जवळच्या मनोऱ्याशी सतत संपर्कात असतो. दूरसंचार कंपनीने संभाषणांच्या नोंदी निदान दोन वर्षे जपून ठेवाव्यात, असे सरकारने 2021 च्या डिसेंबरात ठरविले. आपला स्कूटरस्वार चहा पिऊन फोनवरून पैसे चुकते करतो, तेव्हा त्याचीही वेळ आणि रक्कम कोठे तरी लिहिली जाते. यांपैकी प्रत्येक नोंद सुटी घेतली तर क्षुल्लक आहे. परंतु तिन्ही एकत्र जोडल्या, की माणूस कोठे गेला, कोणाशी बोलला आणि कशावर खर्च केला, याची दैनंदिनी तयार होते. ती त्याने स्वतः लिहिलेली नसते. बहुधा त्याला ती वाचताही येत नाही.

पाळत ही काही नवी गोष्ट नव्हे. याच उत्तर प्रदेशातील खरक सिंग नावाच्या माणसाला 1941 साली दरोड्याच्या आरोपावरून पकडण्यात आले होते. पुराव्याअभावी तो सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्या नावे नोंदवही उघडली. रात्री-अपरात्री शिपाई आणि चौकीदार त्याच्या दारावर थाप मारीत आणि त्याला झोपेतून उठवीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1962 च्या निकालाने रात्रीच्या या झडत्या घटनाबाह्य ठरविल्या. मात्र पाळतीचे इतर प्रकार वैध मानले, कारण बहुमताच्या दृष्टीने खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हता. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपल्या भिन्न निकालपत्रात याच्या उलट मत मांडले.

ते मत मान्य होण्यास पंचावन्न वर्षे लागली. मध्यंतरी पाळतीचे स्वरूप पालटले होते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे या योजनेस निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आव्हान दिले. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. या हक्कावर मर्यादा घालावयाची असल्यास त्यास कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे तत्त्व या निकालातून पुढे आले.

आता पहिलीच अट पाहा : कायद्याचा आधार. मग हा कायदा कोण घडवितो? संसद घडविते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मसुदा लिहिला जात असताना अनेकांची ये-जा चालू असते. तिलाच ‘लॉबिंग’ म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरचे दालन. तेथे प्रतिनिधींना गाठून आपले म्हणणे पटवून देणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्याकडील वशिल्याहून ही गोष्ट वेगळी आहे. वशिला लावणारा नियमातून स्वतःपुरती सूट मागतो. लॉबिंग करणारा नियमच आपल्याला सोयीचा व्हावा यासाठी खटपट करतो. शेतकरी संघटनेने किंवा कारखानदारांच्या मंडळाने सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणे यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की ते उघडपणे झाले की दाराआड.

अमेरिकेत 1995 च्या कायद्यानुसार अशा मध्यस्थांना आपले नाव, विषय आणि खर्च नोंदवावा लागतो. भारतात असा कायदा नाही. 2012 साली वॉलमार्ट कंपनीच्या अशा खर्चावरून आपल्या संसदेत मोठा गदारोळ झाला. भारतीय बाजारपेठेत प्रवेश हा त्या खर्चाच्या विषयांपैकी एक होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ही माहिती आपल्याला मिळाली ती अमेरिकेतील नोंदींवरून.

उघड्यावर झालेल्या वादाचे एक उदाहरण आपल्याकडेही आहे. फेसबुक कंपनीला ‘फ्री बेसिक्स’ या नावाने निवडक संकेतस्थळे विनामूल्य द्यावयाची होती. काही मोजक्या ठिकाणांना मोफत वाट मिळाली तर इतरांवर अन्याय होईल, असा आक्षेप होता. 2015 च्या अखेरीस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागविली. कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि आपल्या सदस्यांकरवी ठरावीक मजकुराची पत्रे प्राधिकरणाकडे पाठविली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या पत्रांत नाहीत, असे प्राधिकरणाने सुनावले. आलेली मते प्रसिद्ध होत असल्यामुळे कोण काय म्हणतो, हे सर्वांना पाहता आले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी असे भेदभावाचे दर ठेवण्यास मनाई करण्यात आली. निर्णय कोणाला पटो वा न पटो, त्यामागचा वाद मात्र उजेडात झाला.

खासगीपणाच्या कायद्याचेच उदाहरण याच्या नेमके उलट आहे. मुंबईतील दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 साली विधेयकाचा पहिला मसुदा दिला. 2019 चे विधेयक 2022 च्या ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आले आणि नोव्हेंबरात नवा मसुदा आला. त्यावर मते मागविली गेली. पण ती प्रसिद्ध केली जाणार नाहीत, असेही जाहीर झाले. लोकांना मोकळेपणाने लिहिता यावे, हे कारण देण्यात आले. साध्या नागरिकाच्या बाबतीत ते कारण ग्राह्य मानता येईल. परंतु कोट्यवधी लोकांची माहिती बाळगणाऱ्या कंपनीने कोणते कलम बदलावयास सांगितले, हेही त्याच पडद्याआड गेले.

2023 च्या ऑगस्टमध्ये हा कायदा संमत झाला. माहितीचे रक्षण न करणाऱ्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. त्याचबरोबर काही सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकारही केंद्राकडे आहे. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील एक कलम बदलले आणि तो बदल 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आला. पूर्वी एखाद्याची वैयक्तिक माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, हे अधिकाऱ्यास पाहावे लागे. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढे कारण नकारास पुरे होते. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा अन्य कलमान्वये उरली आहे, हे खरे. पण लोकहित सिद्ध करण्याचा भार आता बव्हंशी अर्जदारावर येतो. ज्या महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, 2002 सालीच, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, तेथील वाचकाला या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

‘ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही, त्याने भिण्याचे कारण काय?’ असे पुष्कळदा विचारले जाते. खरक सिंगविरुद्धही पुरावा नव्हता. तरी त्याची झोप मोडलीच. शिवाय हा प्रश्न नेहमी चौराह्यावरच्या माणसालाच विचारला जातो, कायद्याच्या मसुद्यावर दाराआड बोलणाऱ्याला नव्हे. खासगीपणा आणि पारदर्शकता ही दोन तत्त्वे परस्परांच्या विरोधात आहेत, असा समज त्यातूनच होतो. वस्तुतः ती एकाच हेतूची दोन अंगे आहेत. दुर्बलाला आडोसा हवा आणि सबलावर उजेड हवा. इलाइट चौराह्यावर थांबलेल्या स्कूटरस्वाराचा क्रमांक यंत्र वाचते, त्यामागे वाहतुकीच्या शिस्तीचा उचित हेतू असू शकेल. पण ती नोंद किती दिवस राहील आणि कोणाच्या हाती जाईल, हे ठरविणारे नियम कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले, हे वाचण्याचा हक्क त्यालाही असला पाहिजे.