उमेदवारीच्या तसबिरी

नांदेड आणि लातूर या दोन शहरांतील छायाचित्रणाचा गेल्या चाळीसएक वर्षांचा वृत्तान्त चाळू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती ही की, या मुलखातील सामान्य माणसाचा फोटो त्याच्या स्वतःसाठी असा क्वचितच काढला गेला. तो परीक्षेच्या अर्जासाठी, वसतिगृहाच्या दाखल्यासाठी, एस.टी.च्या पाससाठी, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या कारकीर्दीत मतदार ओळखपत्रासाठी, आणि सर्वांत अधिक काळजीने, खर्चाचा हात थोडा सैल सोडून, स्थळ दाखविण्यासाठी काढला गेला. अशा प्रदेशात एखाद्या मुलीने किंवा मुलाने, कोणत्याही दप्तराची मागणी नसताना, आपली मुद्रा आणि आपली देहयष्टी हाच आपला व्यवसाय करावयाचा या हेतूने पदरमोड करून दहा-बारा छायाचित्रे काढून घ्यावी, ती काळ्या फायलीत ओळीने लावावी आणि ती फाईल काखेत मारून मुंबईची गाडी धरावी, ही घटना गॅझेटियरकारांनी नोंदवावी इतकी नवी होती. गॅझेटियरात अर्थातच तिला जागा मिळाली नाही.

तसबिरीची हौस या भागाला अपरिचित होती असे मात्र नाही. नांदेड आणि त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर निजामाच्या रियासतीत असताना येथील खानदानी मंडळींचे डोळे हैदराबादेकडे लागलेले असत, आणि हैदराबादेत सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांची कीर्ती एवढी होती की, सरधन्याच्या या रुडकीशिक्षित अभियंत्याला पुढे राजा बहादुर मुसव्विर जंग असा किताब मिळाला. याच दीनदयाळांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी एक निराळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपविला. स्त्रीने कॅमेऱ्यासमोर बसावे पण परपुरुषासमोर बसू नये, या पेचावर त्या काळी सुचलेला तो तोडगा होता. आणि तो पेच आमच्याकडे अद्यापही पुरता सुटला आहे असे म्हणवत नाही, कारण मुलीचे फोटोसेशन चालू असताना स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर मामा किंवा धाकटा भाऊ बसून राहिलेला आजही दिसतो.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी रियासत संपली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, तरी राज्यकर्ते बदलल्याने तसबिरीची रीत बदलते असे नाही. कोरीव पाठीची खुर्ची, तिच्या बाजूला तिवईवर फुलदाणी, मागे रंगविलेला पडदा व त्यावर कोठल्याशा महालाचा जिना, हा दरबारी सरंजाम स्वस्त होत होत नांदेडच्या वजिराबादेतल्या आणि लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासच्या स्टुडिओंत येऊन स्थिरावला, आणि पुढची तीन-चार दशके तेथेच राहिला.

मॉडेल नावाचे कोणी असते ही कल्पना आमच्याकडे प्रथम आली ती छायाचित्रांतून आलीच नाही. ती चित्रांतून आली. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवरील स्त्रिया, रघुवीर मुळगावकरांच्या दिनदर्शिकांवरील तेजःपुंज देवदेवता, आणि आमच्या शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित यांनी रंगविलेली पौराणिक युगुले, ही सगळी आडतीच्या दुकानांतून व न्हाव्याच्या आरशाशेजारी लटकत असत. आणि त्या रूपांच्या मागे कोणी जितीजागती व्यक्ती तासन्‌तास अवघडून बसलेली असू शकते, असा विचार पाहणाऱ्याच्या मनाला शिवतही नसे. १९६४ साली ‘फेमिना’ने आपली सौंदर्यस्पर्धा सुरू केली व मेहेर कॅस्टेलिनो तिच्या पहिल्या विजेत्या ठरल्या, परंतु ‘फेमिना’चा अंक नांदेडच्या किती घरांत येत असेल, हा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही.

खरी चलबिचल झाली ती नव्वदीच्या दशकात, घरोघर दूरचित्रवाणीच्या वाहिन्या पोहोचू लागल्यावर. १९९२ साली मधु सप्रे ही मराठी मुलगी बँकॉकच्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या स्थानापर्यंत गेली, आणि देशाची सूत्रे हाती आली तर काय कराल या प्रश्नावर तिने क्रीडांगणाचे नाव घेतले म्हणून तिचा मुकुट हुकला, अशी चर्चा पुढे कित्येक वर्षे चालली. मला स्वतःला ते उत्तर तेव्हाही प्रामाणिक वाटले व आजही वाटते; ती मुळात मैदानावरची खेळाडू होती. मिलिंद सोमण यांचीही पूर्वपीठिका जलतरणाची, आणि १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ या गाण्यातून ते घराघरांत पोहोचले त्यापूर्वी त्यांच्या खांद्यांना राष्ट्रीय स्पर्धांच्या तलावांनी आकार दिलेला होता. या दोन मराठी उदाहरणांतून आमच्या तरुणांनी घ्यावयाचा बोध उघड होता, की कॅमेरा देह घडवीत नाही, घडलेल्या देहाची तो साक्ष काढतो. पण बोध घेतला गेला तो वेगळाच, की फोटो चांगले निघाले म्हणजे निम्मे काम झाले.

मग फोटो निघू लागले. छत्तीस चौकटींचा रंगीत रोल, तो धुण्याचा व छापण्याचा खर्च, मेकअपचे वेगळे आणि कपडे मैत्रिणींचे उसने, असा हा संसार असे. आणि रोल मर्यादित असल्यामुळे छायाचित्रकार चौकट वाया जाऊ देण्यास राजी नसे, म्हणून ज्या बैठकीत फोटो हमखास चांगला येतो असा त्याचा अनुभव होता तीच बैठक तो देत असे. अनुभव कशाचा, तर स्थळांच्या फोटोंचा. मान किंचित कललेली, हनुवटीखाली बोटे, दृष्टी खिडकीबाहेर दूर कोठेतरी, भिंगावर मृदू जाळी लावून कांती गुळगुळीत केलेली, कानातल्या झुमक्यावर चार टोकांची चांदणी चमकविलेली, आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गालावरचा तीळ घालविलेला. सावळ्या मुलीचा चेहरा छपाईत दोन पायऱ्या उजळ करणे ही तर मामुली बाब होती, तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नसत. अशी बारा छायाचित्रे घेऊन मुलगी काम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या कोऑर्डिनेटरसमोर बसली म्हणजे तो पाने भराभर उलटी आणि मान वर करून प्रत्यक्ष तिच्याकडे पाही, कारण फाईलमधील व्यक्ती आणि समोरची व्यक्ती एकच आहे की काय, याची खातरजमा त्याला करावी लागे. जो दस्तऐवज माणसाची ओळख पटविण्यासाठी रुजू करावयाचा त्यानेच ओळख संदिग्ध करावी, हा विपर्यास त्या काळातील आमच्या बहुतेक फायलींत भरून होता. आणि याचा दोष उमेदवारांना देणे अन्यायाचे होईल, कारण ज्या एका हेतूसाठी मुलीची तसबीर काढावयाची असते तेवढाच हेतू त्या स्टुडिओंना ठाऊक होता.

याउलट ज्यांनी ही कला जाणून हाताळली त्यांची रीत पाहावी. गौतम राजाध्यक्ष यांनी ‘लिंटास’ या जाहिरातसंस्थेतील छायाचित्र विभागाचे काम सोडून स्वतंत्र व्यवसाय पत्करला, आणि ‘चेहरे’ या आपल्या पुस्तकात ज्या माणसांविषयी लिहिले त्यांना त्यांनी आधी प्रकाशात निवांत बसविले होते. त्यांच्या छायाचित्रांत मागचा पडदा लक्षात राहत नाही, डोळे राहतात. व्यावसायिक पोर्टफोलिओचे शास्त्रही मुळात याच दिशेचे, म्हणजे वजाबाकीचे आहे. एक समोरचा क्लोज-अप, केस मागे बांधलेले आणि चेहऱ्यावर जवळजवळ काही नाही, एक बाजूचा चेहरा, एक कमरेपर्यंतचा, एक पूर्णाकृती, पांढऱ्या भिंतीसमोर, साध्या जीन्स व बनियनवजा टी-शर्टात, पादत्राणांवाचून, एक हसरा, दात दिसतील असा, कारण टूथपेस्टपासून विमा कंपनीपर्यंत सर्वांना हसूच विकत हवे असते, आणि यानंतर, वस्त्र व प्रसंग बदलून, चार-पाच अशी की ज्यांत त्या व्यक्तीला निरनिराळी माणसे होता येते हे सिद्ध व्हावे. याच्या जोडीला कॉम्प कार्ड, म्हणजे एका जाड कागदावर निवडक छायाचित्रे आणि उंची, छाती, कंबर, नितंब, पादत्राणाचे माप, केस व डोळ्यांचा रंग असा तपशील. आणि या तपशिलात इंचभरही खोटेपणा चालत नाही, कारण कपडे त्या मापाने शिवलेले आधीच तयार असतात. रॅम्पवर चालावयाचे तर मुलीची उंची साधारण पाच फूट सात-आठ इंच आणि मुलाची सहा फुटांच्या आसपास मागतात. जाहिरातीत मात्र शेजारीण, सून, बँकेतला कारकून, शेतकरी असे सगळेच लागतात, तेथे उंचीची अट नाही. ही दुसरी वाट आमच्या मुलांना अधिक जवळची होती आणि तिच्याविषयी त्यांना कोणी सांगितलेच नाही.

प्रकाशाविषयीही सांगावयास हवे होते. मराठवाड्याचा चैत्र-वैशाखातला दुपारचा प्रकाश डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पाडतो आणि नाकाखाली मिशी उमटवितो. सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर गोदावरीच्या नगीनाघाटावर, विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी, कंधारच्या वा औशाच्या किल्ल्यातील दगडी भिंतीच्या सावलीत जो परावर्तित उजेड मिळतो तो मुंबईच्या महागड्या स्टुडिओतील दिव्यांच्या तोडीचा असतो. काळाच्या ओघात स्थानिक छायाचित्रकारांना हे उमगले, पण ते उमगले विवाहपूर्व चित्रणाच्या धंद्यातून, पोर्टफोलिओतून नव्हे.

अंतराचा जाच वेगळाच होता. नांदेडची वाट नव्वदीच्या मध्यापर्यंत मीटरगेजची, म्हणजे मनमाडला गाडी बदलणे आले. लातूरची तर कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाइटची चिमुकली गाडी, ती २००७-०८ च्या सुमारास रुंद झाली. रात्रभर प्रवास करून दादरला उतरावे, नातेवाइकाच्या दोन खोल्यांत आंघोळ उरकावी, अंधेरीच्या आरामनगरात ऑडिशनच्या रांगेत उभे राहावे आणि रात्रीच्या गाडीने परतावे, हा क्रम ज्यांनी केला त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो घरी ‘मुलाखतीला जातो’ एवढेच सांगून केला. या वाटेवर नोंदणी शुल्काच्या नावाने पैसे उकळणारे बसलेले असत. त्यांची युक्ती ठरलेली होती: चेहरा उत्तम आहे, काम तयार आहे, फक्त पोर्टफोलिओ आमच्याच माणसाकडून नव्याने करून घ्यावा लागेल. खरी एजन्सी आपला मोबदला मिळालेल्या कामाच्या मानधनातून कापून घेते, उमेदवाराच्या खिशातून आगाऊ घेत नाही, हा एवढाच नियम कोणी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावला असता तर कित्येक बापांच्या सोयाबीनचे पैसे वाचले असते. लातूरचे रितेश देशमुख २००३ साली पडद्यावर आले तेव्हा आमच्याकडील मुलांना हुरूप आला खरा, पण मुख्यमंत्र्यांच्या चिरंजिवांना रांगेचा जो अनुभव येत नाही त्याचीच माहिती या मुलांना हवी होती.

पुढे कॅमेरा डिजिटल झाला व रोल संपण्याची भीती गेली. २००८ साली शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते, घाट व विमानतळ नव्याने सजले आणि शहराला आपणही पार्श्वभूमी होऊ शकतो असे वाटू लागले. २०१६ साली मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले, आणि त्याच वर्षी ‘सैराट’ने अकलूजच्या एका शाळकरी मुलीला, तिचा रंग दोन पायऱ्या उजळ न करता, साऱ्या महाराष्ट्रासमोर बुलेटवर बसविले. त्यानंतरच्या फायलींत तीळ दिसू लागले, हा योगायोग असेल तर तो सुखद आहे. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका मलमाने २०२० साली आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द गाळला, त्याच सुमारास टिकटॉकवर बंदी आली आणि आमची मुले रात्रीतून इन्स्टाग्रामवर गेली. आता फाईल कोणी काखेत मारीत नाही, दुवा पाठवितात.

मात्र या दोन शहरांत सर्वांत मोठे चेहरे आजही मॉडेलांचे नाहीत. लातुरात ते ‘नीट’मध्ये गुण मिळविलेल्या मुलांचे आहेत: परीक्षेच्या अर्जावरचाच पासपोर्ट फोटो, घाबरलेला, तेल लावून भांग पाडलेला, तो तीस फुटी फलकावर ताणून बसविलेला. दुसरे चेहरे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे, काळा गॉगल, पांढरा सदरा, कानाला मोबाईल आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराची पंगत. आणि थट्टा बाजूला ठेवून सांगावयाचे तर, पोझ, प्रकाश व पेहराव यांवर मनापासून पैसे खर्च करणारा आमच्याकडील पहिला पुरुषवर्ग हाच. भावी नगरसेवकाच्या फोटोसेशनवर जो स्टुडिओ चालतो तोच होतकरू मॉडेलला सवलतीच्या दरात वेळ देतो. सराफ्याच्या आणि साड्यांच्या दुकानांना स्थानिक चेहरे हवेसे झाले आहेत, त्यामुळे काही मुलींना पहिले मानधन मुंबईऐवजी आपल्याच गावच्या चौकात मिळते.

राहता राहिला हक्काचा प्रश्न, आणि तो या सर्व काळात बहुधा कोणी विचारलाच नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे सतरावे कलम असे सांगते की, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले गेले असेल आणि विरुद्ध करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला स्वामी तो सांगणारा होय, काढणारा नव्हे. तरीही निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात राहत असे, मुलीची मोठी तसबीर तिला न विचारता दर्शनी काचेत लागत असे, आणि तिचे लग्न ठरल्यावर ती काढून घ्या अशी विनवणी करावयास वडील जात असत. आता काही मुली पावतीवरच, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, ‘मूळ फायलींसह; परवानगीवाचून अन्यत्र वापर नाही’ एवढी ओळ लिहून मागू लागल्या आहेत. दुकानदार प्रथम कुरकुरतो, कधी नव्हे ते मुलीच्या मामाकडे पाहतो, आणि मग लिहून देतो.