विश्वाचा आरंभ, चेतना आणि मागल्या जन्मीचे भोग

विश्व कसे निर्माण झाले हा भरल्या पोटाचा प्रश्न आहे, असे चळवळीतले अनेक मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. या देशात ज्यांनी विश्वाच्या उत्पत्तीचे उत्तर दिले, त्यांनी त्याच उत्तरात आपली जागाही ठरवून टाकली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात एका विराट पुरुषापासून चंद्र, सूर्य, वायू उत्पन्न होतात आणि त्याच ओघात मुखापासून ब्राह्मण व पायांपासून शूद्रही. शूद्रांच्या मुळाचा शोध घेणाऱ्या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. इतरांच्या सृष्टिकथा माणूस कसा झाला एवढेच सांगतात. येथे माणसांची उतरंड हाच सृष्टीचा नियम झाला. अस्पृश्यांना तर त्या पुरुषाच्या पायाचा अंगठाही मिळाला नाही.

मी तीर्थपुरीला महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हे गाव घनसावंगी तालुक्यातले. याच तालुक्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. त्यामुळे ब्रह्म, माया, पंचमहाभूते हे शब्द शेतात राबणाऱ्यांच्याही कानांवरून गेलेले असतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आईवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबताना एकच तत्त्वज्ञान ऐकले : हे मागल्या जन्मीचे भोग. या एवढ्याशा वाक्यात अमर आत्मा आहे, न्याय करणारा कर्ता आहे आणि मजुरी न वाढवण्याची सबबही आहे. म्हणून या वाक्याची तपासणी मला आवश्यक वाटते.

प्रथम कर्त्याचा प्रश्न. दीर्घिका जितकी दूर तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवले. आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरींचा शोध पेंझियस आणि विल्सन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. या व नंतरच्या निरीक्षणांवरून, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त व अतिदाट होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे, असे बहुतेक वैज्ञानिक मानतात. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह या मताला विरोध केला. त्यांचा पक्ष अल्पमतात राहिला. पण वाद पुराव्यावर झाला. ऐकले म्हणून कोणाच्या कानात शिसे ओतण्याची भाषा कोणी केली नाही. हॉइल व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५७ साली ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात ते मांडले. पुजाऱ्याच्या रक्तातले लोह आणि ऊस तोडणाऱ्या बाईच्या रक्तातले लोह एकाच जातीच्या भट्टीतले. तिच्या रक्तात ते कमी पडते, याला तारे जबाबदार नाहीत.

आता आत्म्याचा प्रश्न. त्याच १९५७ साली बाबासाहेबांचा बुद्ध व धम्म यांवरील ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सृष्टिकर्ता ईश्वर व अमर आत्मा दोन्ही नाकारले आहेत. विद्युत्‌क्षेत्राच्या सोबतीने जसे चुंबकीय क्षेत्र येते, तशी कायेच्या सोबतीने चेतना, असा दृष्टान्त बाबासाहेब देतात. वर्गात शिकवताना मी त्यात एक भर घालतो. स्थिर विद्युत्‌भाराभोवती फक्त विद्युत्‌क्षेत्र असते. भार वाहू लागला की चुंबकत्व प्रकट होते. १८२० साली ओर्स्टेड यांनी तारेतून प्रवाह सोडला, तेव्हा शेजारच्या होकायंत्राची सुई वळली. प्रवाह थांबला की सुई पूर्वीच्या जागी येते. मग ती वळवणारी शक्ती कोणत्या लोकी गेली, असे कोणी विचारत नाही. मृतदेहातही काया असते, पण तिचे व्यवहार थांबलेले असतात. तेथे चेतना नसते; ती उडून कोठे गेलेलीही नसते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. त्याचा रक्तपुरवठा काही सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिली की ‘मी’ नाहीसा होतो, औषध उतरले की परत येतो. मेंदूच्या व्यापारातून अनुभव कसा उमटतो, याचे पुरते उत्तर विज्ञानाला अजून सापडलेले नाही. पण तेवढ्यामुळे त्या रिकाम्या जागेवर आत्मा बसवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

यातून माझी भूमिका सरळ निघते. चेतना कायेसोबत उपजते, म्हणून कोणतेही मूल मागचा हिशोब घेऊन जन्मत नाही. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे पूर्वकर्माच्या सिद्धान्ताचा हेतू दिसत नाही, असे बाबासाहेबांनी याच ग्रंथात बजावले आहे. आणि चेतना कायेवर अवलंबून असेल, तर भाकरी, औषध, पुस्तक हे चेतनेचेच प्रश्न ठरतात. वर्गात उपाशी बसलेल्या मुलीला फळ्यावरची अक्षरे पुसट दिसतात, तेव्हा तिचे प्रारब्ध आडवे येत नसते; न मिळालेली भाकरी आडवी येत असते.

विश्वाला कर्ता मानण्याचे मला कारण दिसत नाही. उपासमारीला मात्र कर्ते आहेत, आणि ते याच जन्मात सापडतात.