हाडाच्या कॅन्सरवर जेलचं इंजेक्शन. औषध थेट गाठीपाशी

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त करून वाढीच्या वयातल्या पोरांना, तोही बहुधा गुडघ्याजवळ होतो. सलाइनमधून दिलेलं डॉक्सोरुबिसिन अंगभर फिरतं. केस जातात, हृदयालाही इजा होऊ शकते. पाटानं अख्खं रान भिजवावं, तसलाच प्रकार. जेल म्हणजे ठिबक. सुईतून जाताना पातळ असतं, अंगातल्या ३७ अंशाला घट्ट होतं आणि गाठीपाशीच औषध हळूहळू सोडतं. पण हा कॅन्सर फुप्फुसात पसरतो. तिथं जेल पोचत नाही, म्हणून केमो टळत नाही. शिवाय प्रयोग अजून मुख्यतः उंदरांवरच चाललेत. आजचा उपचार केमो आणि ऑपरेशन हाच. पोराचा गुडघा सुजलाय, रात्री ठणकतोय, तर चोळून घेण्याआधी एक्स-रे काढावा.