विजेचा हिशेब आणि जोखमीची वाटणी

२२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचारनंतर काही मिनिटांतच जबलपूर हादरले. राइट टाउनमधील आम्ही सारे अंधारातच अंगणांत आणि रस्त्यांवर येऊन उभे राहिलो. ५.८ तीव्रतेच्या त्या भूकंपात चाळीसच्या आसपास माणसे दगावली आणि हजारो घरांना तडे गेले. उजाडता उजाडता रस्त्यावरच्या गर्दीत एकच प्रश्न फिरू लागला : ‘बरगीचे धरण शाबूत आहे ना?’ धरण शाबूत होते. परंतु वीज देणारी वास्तू आपल्याला भय कसे दाखवते, हे त्या पहाटे प्रथम उमगले. त्याच वेळी ईशान्येला सिंगरौलीच्या कोळशावरील वीजकेंद्रांतून नेहमीप्रमाणे धूर निघत होता. त्याचे भय कोणाच्या मनातही आले नाही.

या दोन भयांचे मोजमाप एकाच तराजूत करण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. त्यासाठी मोजपट्टी म्हणून शंभर कोटी युनिट वीज घेतली जाते आणि तेवढ्या विजेमागे अपघात व प्रदूषण मिळून किती माणसे दगावतात, ते पाहिले जाते. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कोळशाचा आकडा सुमारे २५ आहे. नैसर्गिक वायूचा तीनच्या आत आहे. नंतरच्या संकलनांत जलविद्युतचा आकडा १.३च्या आसपास येतो. पवन, सौर आणि अणुऊर्जा या तिन्ही शतांशांत मोजाव्या लागतात. अणुऊर्जेच्या आकड्यात चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरलेले आहेत, हे विशेष.

हे आकडे स्थानिक भाषेत मांडून पाहू. चौदाशे मेगावॉटचे केंद्र वर्षाला ढोबळमानाने एक हजार कोटी युनिट वीज देते. ती कोळशापासून काढली, तर या दराने वर्षाला सुमारे अडीचशे मृत्यू होतात. अणुऊर्जेपासून काढली, तर तीन वर्षांत एखादा. शिवाय कोळशाचा दर युरोपातील परिस्थितीवरून काढलेला आहे. आपल्याकडे केंद्रांभोवतीची वस्ती दाट आणि धुराचे नियंत्रण सैल आहे. गंधकाची वाफ रोखणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला, मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना त्यातून सूटच मिळाली. या सुटीची बातमी आतल्या पानावर आली असेल. तिच्यामुळे कोणी अंगणात येऊन उभे राहिले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. इतिहास घटनेची नोंद ठेवतो, सवयीची ठेवत नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. ती घटना म्हणून नोंदली गेली. दरवर्षी श्वासाच्या विकाराने मरणाऱ्यांच्या दाखल्यावर मात्र वीजकेंद्राचे नाव नसते. धरणाचेही तसेच आहे. जलविद्युतच्या आकड्यातील फार मोठा वाटा १९७५ सालच्या एकाच दुर्घटनेचा आहे. चीनमधील बानच्याओ धरण फुटले आणि मृतांचे अंदाज सुमारे सव्वीस हजारांपासून लाखाच्या पलीकडे जातात. ती एक रात्र वगळली, तर जलविद्युत अत्यंत सुरक्षित ठरते. ती रात्र वगळायची की नाही, हे गणित सांगू शकत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पावणेदोनशेहून अधिक बळी घेणाऱ्या त्या धक्क्याचा संबंध भूशास्त्रज्ञ जलाशयातील पाण्याच्या भाराशी जोडतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल की निर्णय सोपा आहे. कोळसा सोडा, अणुऊर्जा आणि सूर्य धरा. सरासरीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु सरासरीला पत्ता नसतो, जोखमीला असतो.

तो पत्ता आमच्यापासून फार दूर नाही. बरगीच्या जलाशयाकाठी, मंडला जिल्ह्यात चुटका नावाचे गाव आहे. तेथे प्रत्येकी सातशे मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांना २००९ साली तत्त्वतः आणि २०१७ साली प्रशासकीय मंजुरी मिळाली. तेथील अनेक कुटुंबे, त्यांत मुख्यतः गोंड आदिवासी, बरगी धरणामुळे एकदा उठलेली आहेत. त्या धरणाखाली १०१ गावे जातील असा सरकारी अंदाज होता. प्रत्यक्षात १६२ गावे बाधित झाली आणि पुनर्वसनासाठी निवडलेल्या काही जागाही पाण्यात गेल्या. ज्यांनी एका सरकारी अंदाजाची किंमत घरादाराने मोजली, त्यांच्यापुढे आपण दुसरा अंदाज घेऊन जातो आणि तो शास्त्रशुद्ध असल्याची ग्वाही देतो. २०१३ मध्ये विरोधामुळे जनसुनावणी पुढे ढकलावी लागली, तेव्हा पुष्कळांनी त्याला अडाणीपणा म्हटले. प्रशासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तसे म्हणवत नाही. आमच्या नस्तीत ‘बाधित कुटुंबे’ हा एक रकाना असे. त्याच कुटुंबांनी याआधी काय सोसले, याचा रकाना मी कधी पाहिला नाही.

फुकुशिमाचा धडाही नीट वाचायला हवा. तेथे किरणोत्साराने झालेला एकच मृत्यू सरकारने मान्य केला. दोन हजारांहून अधिक मृत्यू मात्र स्थलांतराच्या हालअपेष्टांशी निगडित मानले गेले. त्यांत मुख्यतः वृद्ध आणि आजारी माणसे होती. म्हणजे माणसाला त्याच्या जागेवरून उठवणे ही स्वतःच एक जोखीम आहे. चुटक्याच्या हिशेबात ती पहिल्या दिवसापासून धरावी लागेल. जलाशयाच्या खालच्या अंगाला जबलपूर नर्मदेचे पाणी पिते आणि हे खोरे भूकंपप्रवण आहे, याही बाबी त्यात आल्या. त्यांवर अभियांत्रिकी उपाय आहेत. पण ते उपाय कोणी, किती खर्चात आणि कोणाच्या देखरेखीखाली केले, हे नागरिकाला वाचता आले पाहिजे.

म्हणून सूचना एवढीच. कोणत्याही वीजप्रकल्पाच्या मंजुरीपूर्वी एक जोखीमपत्रक लोकांसमोर ठेवावे. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत : या विजेमागे किती जीव जाण्याचा संभव आहे, ते कोणाचे, आणि ती वीज कोण वापरणार. हेच पत्रक नव्या अणुभट्टीइतकेच जुन्या कोळसाकेंद्रालाही, जलाशयावर तरंगणाऱ्या सौरपटलांनाही लागू असावे. तसे झाले तर कोळशाला मिळणारी मूक सवलत संपेल आणि अणुऊर्जेला अवास्तव भय व अवास्तव ग्वाही या दोहोंतून बाहेर पडता येईल.

राइट टाउनमध्ये आज वीज क्वचितच जाते. ती येते कोठून, हे आम्ही विचारत नाही, कारण तिची जोखीम आमच्या पत्त्यावर येत नाही. चुटक्याच्या ग्रामस्थांनी प्रश्न विचारला, तर त्यांना गप्प करण्याआधी आपण आपले वीजबिल एकदा समोर ठेवावे. त्यावरील रकमेत त्यांचा वाटा कोठेही दाखवलेला नसतो.