सिकलसेलची वेदना आणि रोजगाराचा हक्क

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेदनेसह उदरनिर्वाह करणे किती कठीण असते, हे विदर्भात आणि नंदुरबार परिसरात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात ठळकपणे दिसते.

या विकारात प्राणवायू कमी पडला की सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुटल्याने हाडे, सांधे, पाठ व छाती यांत असह्य कळा उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर या पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय आणि थकवा कायमचा सोबतीला राहतो. पुढे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते निकामी होऊ लागले, तर वेदनेच्या दोन झटक्यांमधील काळही दुखण्यावाचून जात नाही.

शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, थंडी आणि जंतुसंसर्ग यांमुळे झटका येऊ शकतो, आणि मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या किंवा पावसात भिजत, वाकून धानाची रोवणी करणाऱ्या मजुराला यांपैकी बहुतेक गोष्टी टाळता येत नाहीत. रोजंदारीत आजारपणाची रजा नसल्याने दुखणे सुरू झाल्यावरही काम रेटले जाते, हायड्रॉक्सीयुरिया हे झटके कमी करणारे औषध नियमित घ्यायचे तर ठरावीक काळाने रक्ततपासणीसाठी मजुरी बुडवावी लागते, आणि झटका ओसरल्यावर तोच माणूस पूर्ववत काम करताना दिसला की त्याचे दुखणे खोटे ठरवले जाते. वास्तविक अशा व्यक्तीला कामातून दूर सारण्याची गरज नसते. पिण्याचे पुरेसे पाणी, सावली, अधूनमधून विसावा, कमी श्रमाचे काम आणि तपासणीच्या दिवशी सवलत एवढ्या तरतुदींनी अनेकांचा रोजगार टिकू शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले आणि दिव्यांग कर्मचाऱ्याच्या गरजेनुसार कामात वाजवी फेरबदल करण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर घातले. मात्र त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांचा समावेश नाही; त्यामुळे खुबा निकामी होऊन किमान ४० टक्के अस्थिव्यंग प्रमाणित झाले, तर त्या गटातून पात्रता मिळू शकते, पण केवळ सिकलसेलच्या आधारे ती मिळत नाही. शरीराची कायमची हानी होईपर्यंत वाट पाहायला लावणारी ही रचना अन्यायकारक आहे, कारण वेळीच मिळालेले बेताच्या श्रमाचे काम ती हानी लांबवण्यास मदत करू शकते.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तपासणी व समुपदेशनावर तिचा भर आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि आज हा विकार घेऊन जगणाऱ्यांसाठी रक्तविकारांना आरक्षणात स्थान देणे आणि वाजवी फेरबदलाचे तत्त्व सरकारी कचेऱ्यांपलीकडे तेंदूपत्त्याच्या फळीपर्यंत व धानाच्या बांधीपर्यंत नेणे हेही औषधाइतकेच तातडीचे काम मानले गेले पाहिजे.